मिरची सोसते, मग गार वारा का सोसत नाही?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. मी लालबागला राहते, वय ५४. एकोणीस वर्षं घरगुती पोळीभाजी केंद्र चालवते. रोज पाच-सहा किलो कांदा माझ्या हाताखालून जातो. मिरचीचा ठसका, फोडणीचा धूर, तव्याची धग, सगळं या डोळ्यांनी सोसलंय. पण वर्षभरापासून भलतंच सुरू झालंय. मुलगा बोरिवलीला राहतो. त्याच्याकडे जायला दादरहून एसी लोकल पकडली की अंधेरी येईपर्यंत दोन्ही डोळ्यांतून धारा लागतात. समोरच्या बायका विचारतात, का हो रडताय? मुलाच्या घरी एसी लावला की तीच गत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, तुमचे डोळे कोरडे पडलेत. पाणी वाहतंय आणि कोरडे कसे? मुलगा म्हणतो, तुला एसीची सवय नाही, मनातून काढून टाक. शेजारणीने गार थेंब दिलेत, ते घातले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घालत राहू का? बाकी मी धडधाकट आहे. शुगर आहे बारा वर्षं, गोळ्या चालू आहेत. आणि कांद्याने तर आता पूर्वीसारखं पाणीसुद्धा येत नाही, इतकी सवय झालीय. मग या गार वाऱ्याचंच मी काय घोडं मारलंय?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लोकल, एसी आणि धारा यांच्याकडेच लक्ष गेलं. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळींवर अडखळले. शुगर बारा वर्षांची आहे आणि कांद्याने पाणी यायचं कमी झालंय, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला एसीतल्या धारांपेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. का, ते सांगते. पण त्यासाठी आधी गार वाऱ्याचं कोडं उलगडायला हवं.

मुलाला आधी एवढं सांगा, की यात आईच्या मनाचा काही खेळ नाही. तुमच्या डोळ्याला गारवा खरोखर कळतो, तो कळण्यासाठी डोळ्यात वेगळी सोय आहे आणि तुमची ती सोय जरा जास्तच जोरात काम करते आहे.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला आम्ही कॉर्निया म्हणतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, कारण रक्त आलं तर काच गढूळ होईल. मज्जातंतूंचं मात्र तिथे दाट जाळं आहे, आपल्या कातडीपेक्षा काही शे पट दाट. दाढ दुखते ती ज्या मोठ्या नसेमुळे कळते, तिचीच एक फांदी डोळ्यात येते. तिचे बारीक तंतू कॉर्नियाच्या वरच्या पेशींमध्ये शिरताना अंगावरचं आवरण टाकून देतात आणि उघड्या टोकांनी वर चढतात. शेवटच्या टोकावर उरतात दोन-चार पेशी आणि त्यांच्यावर अश्रूंचा पातळ थर. तो थर इतका पातळ, की केसाच्या जाडीचा दहावा भागही भरणार नाही. म्हणून डोळ्यात कण गेला तर आपण जागच्या जागी उभे राहतो. शरीरात फार थोड्या ठिकाणी मज्जातंतू बाहेरच्या हवेच्या इतके जवळ असतात.

हे तंतू सगळे एकाच कामाचे नाहीत. त्यातले बहुसंख्य धोक्याचे निरोपे आहेत. तिखट, आंबट, अतिगरम, टोचणारं, काहीही आलं की ते ओरडतात. काही फक्त स्पर्शाला जागे होतात. आणि थोडेसे, साधारण दहातला एखादा, निव्वळ गारव्यासाठी असतात. तुमच्या धारांचं मूळ या थोड्यांत आहे.

यांची गंमत अशी, की हे कधी गप्प बसत नाहीत. डोळा उघडा असतो तोवर ते एका ठरावीक गतीने मेंदूकडे ठोके पाठवत असतात. शरीर आतून ३७ अंश सेल्सिअस असतं, पण कॉर्नियाचा पृष्ठभाग हवेला लागून असल्याने ३४च्या आसपास राहतो. पापणी लवली की अश्रूंचा ताजा, कोमट थर पसरतो. मग तो हळूहळू सुकू लागतो, आणि पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं.

हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुमच्या घरातला मातीचा माठ आठवा. त्याच्या अंगावर पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं म्हणून आतलं पाणी गार होतं. जितकं जास्त उडेल, तितका माठ गार. कॉर्नियाचंही तेच. अश्रू जितक्या वेगाने उडतील, तितका पृष्ठभाग गार पडतो. गारव्याचे तंतू हा एक अंशाहूनही कमी फरक ओळखतात आणि ठोक्यांची गती वाढवतात. मेंदूच्या तळाशी तो निरोप पोचला, की तिथून अश्रुग्रंथीला आणि पापणीला हुकूम सुटतो. थोडं पाणी सोड, एकदा मिटून घे. हे सगळं आपल्याला न कळता, दिवसभर चाललेलं असतं.

म्हणजे डोळा गारवा मोजतो, तो ओलावा किती उरला हे कळावं म्हणून. हे मला आजही फार सुंदर वाटतं. शिकत असताना आम्हाला अश्रू म्हणजे रडू, कचरा किंवा कांदा एवढंच शिकवलं होतं. कुणी रडत नसताना, डोळ्यात काही गेलेलं नसताना डोळा ओला कसा राहतो, याचं नीट उत्तर बरंच उशिरा मिळालं. स्पेनमधल्या अलिकांते शहरात कार्लोस बेलमोंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं, की ज्या उंदरांमध्ये गारवा ओळखणारं एक विशिष्ट प्रथिन नसतं, त्यांच्या डोळ्यांत रोजचं साधं पाणीच कमी तयार होतं. गारवा कळेना, म्हणून ओलावाही राहीना.

त्या प्रथिनाचं नाव टीआरपीएम-८. पेशीच्या पडद्यातला तो एक छोटा दरवाजा समजा. गारवा लागला की तो उघडतो, बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि तंतूत ठोका उमटतो. असे वेगवेगळे दरवाजे आहेत आणि ते सापडले कसे, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते तुमच्याच ओट्यावरच्या जिन्नसांमुळे सापडले. अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस मिरचीतला तिखटपणा देणारा घटक घेऊन तो शरीराला कळतो कसा हे शोधत होते. १९९७ साली त्यांच्या प्रयोगशाळेला जो दरवाजा मिळाला, तो मिरचीने उघडत होताच, पण सुमारे ४३ अंशांच्या उष्णतेनेही उघडत होता. तिखट खाल्ल्यावर आपण ‘तोंड भाजलं’ म्हणतो, ते उगाच नाही. मग २००२ साली ज्युलियस यांच्या आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी, वेगवेगळं काम करून, गारव्याचा दरवाजा शोधला. त्यासाठी त्यांनी वापरला मेंथॉल, म्हणजे पुदिन्याच्या जातीच्या झाडांतला गार लागणारा अर्क. २०२१ सालचं वैद्यकातलं नोबेल पारितोषिक या दोघांना तापमान आणि स्पर्श कळण्याच्या शोधांसाठी मिळालं.

कांद्याचा दरवाजा तिसराच. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं एकत्र येतात आणि क्षणात एक वायू तयार होतो. तो अश्रूंच्या थरात विरघळून धोक्याच्या तंतूंना झोंबतो. तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात तीन वेगवेगळ्या घंटा वाजत असतात, मिरचीची, कांद्याची आणि गारव्याची. एक वाजते म्हणून दुसरी वाजलीच पाहिजे असं नाही. ‘मिरची सोसते मग वारा का नाही’ याचं पहिलं उत्तर हे.

दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी डोळे कोरडे आहेत म्हटलं, ते बरोबर आहे. कोरडा डोळा म्हणजे पाणी नसलेला डोळा नव्हे. तुमच्या धंद्यातलं उदाहरण देते. पोळीला तेलाचा हात नीट लागला नाही तर ती मऊ राहत नाही, डब्यात वातड होते. अश्रूंवरही असाच तेलाचा एक नाजूक थर असतो. पापण्यांच्या कडेला, केसांच्या रांगेच्या मागे, बारीक ग्रंथींची रांग आहे, तिथून ते तेल झिरपतं. वयाबरोबर, विशेषतः पाळी गेल्यानंतर, ते तेल घट्ट होतं, ग्रंथी तुंबतात. मग पाणी असूनही ते टिकत नाही, चार-पाच सेकंदांत थर फाटतो आणि उघड्या पडलेल्या जागी डोळा गार पडतो. निरोप जातो, पाणी पाठवा. एरवी तो निरोप हळू आवाजातला असतो. पण कोरडेपणा महिनोन् महिने राहिला, की हे तंतूच चिडखोर होतात. जरा गार वारा आला की किंचाळतात, आणि ग्रंथी घाबरून बादलीभर पाणी ओतते. त्या पाण्यात तेल नसतं, ते डोळ्यात टिकत नाही, गालावरून वाहून जातं. डोळा कोरडा तो कोरडाच.

आता लोकल. तुमच्या बिल्डिंगखालून चालताना वरून टपटप पाणी पडतं ना, एसीच्या नळीचं? ते सगळं कुणाच्या तरी खोलीतल्या हवेतून काढलेलं पाणी. लालबागच्या दमट हवेत अश्रू सावकाश उडतात, म्हणून घरी तुम्हाला त्रास नाही. एसीच्या डब्यात हवा गार, पाणी काढून घेतलेली आणि वर झोताने अंगावर येणारी. दादरच्या गर्दीत घामेघूम होऊन तुम्ही दार बंद झालेल्या डब्यात शिरता आणि बहुधा झरोक्याखालीच बसता, कारण तिथे बरं वाटतं. अंगाला बरं वाटतं, डोळ्याला नाही. झोताच्या थेट खाली बसू नका, चष्मा असेल तर घालून बसा, नसेल तर साधा काचेचा घ्या. डोळ्यापुढे थोडी हवा अडली तरी फरक पडतो. मुलाच्या घरी एसीची पाती वर करायला सांगा, एवढं तो नक्की करेल. आणि प्रवासात मोबाइलवर ऑर्डरी बघत असाल तर मध्येमध्ये नजर वर करून पापण्या पूर्ण मिटा. पडद्याकडे बघताना पापणी लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली जातं.

एक गोष्ट राहिली, तव्याची धग. ती सोसते याचं कारण हे नाही, की डोळा उष्णतेला कणखर आहे. कॉर्नियाला ऊब ‘ऊब’ म्हणून कळतच नाही. हाताला कोमट, गरम, चटका अशा पायऱ्या कळतात. डोळ्याला गारवा वेगळा ओळखता येतो, उष्णता मात्र फक्त चुरचुर किंवा दुखणं म्हणून, तीही बरीच वाढल्यावर. तेव्हा ‘काही होत नाही’ म्हणून भट्टीवर तोंड धरून उभं राहू नका. फोडणी घालताना मान मागे आणि पंखा बाहेर हवा फेकणारा, एवढं पाळा.

गार थेंबांविषयी स्पष्ट सांगते. अशा थेंबांत मेंथॉल किंवा कापूर असेल तर ते डोळा गार करत नाहीत. ते गारव्याचा दरवाजा उघडून देतात, बस्स. तापमापी गरम चहात बुडवून ताप आलाय म्हणण्यासारखं आहे हे. तंतूंना वाटतं डोळा गार पडला, ते पाणी मागवतात, थोडा वेळ ओलं आणि मोकळं वाटतं. ज्या तंतूंनी आधीच आरडाओरडा मांडलाय त्यांनाच पुन्हा डिवचायचं, यात शहाणपण नाही. शिवाय एकदा उघडलेली बाटली शेजारणीची, म्हणजे तिच्या डोळ्याचा जंतू तुमच्या डोळ्यात. आजपासून बंद करा. डोळ्याखाली बाम लावायची सवय असेल तर तीही.

त्याऐवजी साधे ओलावा देणारे थेंब मिळतात, ज्यांना आपण ‘कृत्रिम अश्रू’ म्हणतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर औषध टिकवणारं रसायन नसलेले मागा, कारण ते रसायन सतत गेलं तर वरच्या पेशींनाच इजा करतं. आणि एक विनवणी आहे. केमिस्टकडे जाऊन ‘डोळे लाल आहेत, काहीतरी द्या’ असं कधीही म्हणू नका. त्यात स्टेरॉइड आलं, तर चार दिवस डोळे आरशासारखे दिसतील आणि काही महिन्यांनी काचबिंदू किंवा मोतीबिंदू घेऊन तुम्ही माझ्यासारखीच्या दारात याल. असे रुग्ण मी पाहिलेत आणि काचबिंदूने गेलेली नजर त्यांना परत देता आलेली नाही.

आता कांदा.

‘सवय झालीय’ असं तुम्ही म्हणता. असू शकेल. फ्रीजमधला गार कांदा कमी झोंबतो, धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात, ओट्यावर पंखा बसवला असेल तर वायू डोळ्यापर्यंत पोचत नाही. यातलं काही बदललं असेल तर उत्तम. पण काहीच बदललं नसेल, तोच कांदा, तीच विळी, तोच ओटा असेल आणि तरी पाणी येत नसेल, तर मला विचारावंसं वाटतं, की कांदा सौम्य झाला की डोळा बधिर झाला?

शुगर बरीच वर्षं राहिली की पायांना मुंग्या येतात, मग पाय बधिर होतात, हे तुम्ही ऐकलं असेल. चप्पल निसटली तरी कळत नाही, खिळा लागला तरी कळत नाही. शरीरातले सगळ्यात बारीक तंतू आधी झिजतात, आणि कॉर्नियातले तंतू तर अतिबारीक. तेही विरळ होतात. याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण बधिर डोळा तक्रार करत नाही. गारव्याचे तंतू चिडखोर आणि धोक्याचे तंतू सुस्त, अशी दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी ती एकत्र नांदू शकतात, ती अशी.

काही वर्षांपूर्वी एका शिंपीकाकांना त्यांच्या पत्नी माझ्याकडे ओढून घेऊन आल्या. सोळा वर्षांची शुगर. डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, असं त्या म्हणत होत्या. काका खुर्चीत बसून शांतपणे सांगत होते, मला काही होत नाही हो, हिलाच उगाच घोर. मी कापसाचा एक बारीक तंतू ओढून टोकदार केला आणि बाजूने आणून त्या बुबुळाला हलकेच टेकवला. तुमच्या माझ्या डोळ्याची पापणी तो टेकताक्षणीच आपटली असती. काकांची पापणी हलली नाही. ते माझ्याकडे बघत होते. ठिपका म्हणजे जखम होती, आणि ती दोन आठवडे तरी जुनी असणार. दुखलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी आले असते. डोळा वाचला, पण बुबुळावर कायमचा डाग राहिला आणि सुईत दोरा ओवायला पत्नीची मदत लागू लागली.

मज्जातंतू गेले की फक्त निरोप थांबत नाही, आणखी एक गोष्ट थांबते. तुमच्याकडून डबा जातो आणि रिकामा डबा परत येताना गिऱ्हाइकाचा निरोप आणतो, आज मीठ जास्त होतं. कॉर्नियातही अशी ये-जा आहे. तंतू वरच्या पेशींना त्यांच्या वाढीला लागणारे घटक पुरवतात, आणि त्या पेशी आपली खबर तंतूंना देतात. इजा झालेली पेशी काही द्रव्यं बाहेर सोडते, त्यावरून शेजारचा तंतू जागा होतो. तापमानाचे दरवाजे तर या वरच्या पेशींमध्येही सापडलेत. त्यांचं काम पूर्ण उलगडायचं बाकी आहे, पण आपण नुसती झाकणं नाही, हे त्यांनी दाखवून दिलंय. तंतू विरळ झाले की या पेशींचा डबा बंद होतो. त्या एरवी आठवडा-दहा दिवसांत नव्या होत असतात, ते रेंगाळतं. साधा ओरखडाही भरून यायला वेळ लागतो.

कुष्ठरोगात हेच होतं, म्हणून वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयासारख्या ठिकाणी डोळ्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागलं. नागीण कपाळावर आणि डोळ्याभोवती उठून गेली असेल, तरी बुबुळ बधिर होऊ शकतं. चष्मा घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेत हे तंतू कापले जातात आणि पुन्हा वाढायला काही महिने लागतात, म्हणून तेवढे दिवस डोळे कोरडे राहतात. तुम्हाला यातलं काही झालं असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा.

मी इथे बसून निदान करत नाही. तुमचे तंतू शाबूत असतील, कांदाच सौम्य असेल, असं मला मनापासून हवंय. पण ते बघून घ्यायला हवं, आणि ती तपासणी सोपी आहे. परळचं केईएम तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या नेत्र विभागात जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे परत जा. आत गेल्या गेल्या, डोळ्यात कुठलाही थेंब पडायच्या आधी सांगा, की बुबुळाची संवेदना बघा. आधी अशासाठी, की डोळा बधिर करणारे थेंब एकदा घातले की मग त्या तपासणीला अर्थ उरत नाही. कापसाचा तंतू दोन्ही डोळ्यांना, मधोमध आणि कडेला लावून बघतात. अर्ध्या मिनिटाचं काम. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं, म्हणून आठवण तुम्ही करायची.

मग पापणीत कागदाची एक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवतात. ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पाचपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी तयार होतंय. शिवाय पिवळा रंग घालून निळ्या दिव्यात बघतात. पापणी लवल्यापासून रंगाचा थर कितव्या सेकंदाला फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तुमच्या बाबतीत तेलाचाच दोष असण्याचा माझा अंदाज बळकट होईल. बुबुळावर सूक्ष्म जखमा असतील तर त्या तिथे हिरव्या चमकतात. नाकाकडे जाणारी अश्रूंची नळी मोकळी आहे ना, हेही त्यांना बघू द्या.

तेल सुटण्यासाठी शेक चांगला. स्वच्छ सुती फडकं गरम पाण्यात भिजवून पिळायचं, मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचं, गार झालं की पुन्हा भिजवायचं. असं दहा मिनिटं, दिवसातून एकदा. मग पापणीच्या कडेला बोटाने हलकी मालिश, वरच्या पापणीला वरून खाली आणि खालच्या पापणीला खालून वर. पण पाणी किती गरम, हे तुमच्या बोटांना विचारू नका. एकोणीस वर्षं तव्यावरची पोळी हाताने उलटणाऱ्या बोटांना ऊन आणि कढत यातला फरक कळेनासा होतो, आणि बुबुळाचं म्हणाल तर ते ऊब सांगतच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला फडकं लावून बघा, तिथे सुखद वाटलं तरच डोळ्यावर. तपासणीत बुबुळ बधिर निघालं तर शेक डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. फडकं फक्त तुमचं, रोज धुतलेलं.

शुगरची गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणीही करून घ्या आणि तो कागद डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. बारा वर्षांत डोळ्याचा मागचा पडदा कुणी बघितलाय का, तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर त्याच दिवशी बघून घ्या. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यावर येतो. मुलाला सोबतीला बोलवा, आणि त्या दिवशी संध्याकाळच्या पोळ्यांची ऑर्डर घेऊ नका.